जांभळं वर्तुळ

मैत्रिणींनो, तुमच्या घरात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आहे का? आणि भर दुपारी त्याच्या खोलीचं दार आतून लोटलेलं असतं का? मग हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं माझ्याजवळ बसा. मी काही मानसशास्त्र शिकलेली नाही. तुमच्यासारखीच घरसंसारातली बाई. पण यंदाच्या उन्हाळ्यात मी एक नवाच उद्योग शिकले, आणि तो तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. मी मोटारी शोधायला शिकले! त्याही कुठल्या, तर टीव्हीच्या पडद्यावरच्या मेक्सिकोत, पडक्या गोठ्यांत दडून राहिलेल्या.

हसलात ना? हसा. आमच्या सासूबाईही हसल्या होत्या.

झालं असं. मे महिन्यात चिरंजीवांचा बारावीचा निकाल लागला, आणि साठ टक्क्यांच्या आतच आटोपला. दहावीला नव्वदच्या घरात असलेला मुलगा! आमच्या ह्यांचा स्वभाव तसा रागीट नाही, पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आता काय, किराणा दुकानात पुड्या बांध." मुलगा एक शब्द बोलला नाही. चपला घालून बाहेर पडला. रात्री नऊच्या सुमारास परत आला, "मित्राकडे होतो" म्हणाला आणि न जेवता झोपला.

त्यानंतर आमच्या घराला जशी मुक्याची बाधा झाली. विचारलं तर उत्तर, तेही 'हो', 'नाही', 'नको' एवढंच. ताट वाढलं की जेवायचा, उठायचा, खोलीत जायचा, आणि दार लोटून तो एक्सबॉक्स नावाचा खेळ सुरू. माझ्या पुण्याच्या भावाने आपल्या मुलाचा जुना संच दहावीनंतर ह्याला देऊन टाकला होता. आतून नुसता गाड्यांचा घूं घूं आवाज. मला तर त्या आवाजाचा असा तिटकारा आला म्हणून सांगू! मनात रोज एकच यायचं. एक दिवस जाते आणि ती वायरच उपटून माळ्यावर टाकते.

आणि खरोखरच एका दुपारी त्याच इराद्याने गेले. हातात निमित्ताला चिवड्याची बशी होती.

आत गेले, तर पडद्यावर मोटार उभी. शर्यत नाही की काही नाही. सगळीकडे पिवळं, वाळलेलं माळरान, मधे निवडुंग, लांबवर डोंगर. उन्हाने भाजलेला तो माळ बघितला आणि मी जागच्या जागी थांबले. माझं माहेर कवठेमहांकाळकडचं, दुष्काळी भागातलं. तिकडचा चैत्रातला माळ अगदी अस्साच दिसतो. कोपऱ्यात एक लहानसा नकाशा होता आणि त्यावर एक जांभळं वर्तुळ.

वायर राहिली बाजूला. मी विचारलं, "हे जांभळं काय रे?"

आणि काय सांगू, तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने मला एक पूर्ण वाक्य दिलं. "इथं कुठंतरी एक जुनी गाडी लपवलेली आहे. दोन दिवस शोधतोय, सापडत नाही."

आता तुम्हाला हा खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याचं नाव 'फोर्झा होरायझन'. इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा नावाच्या गावातली एक कंपनी तो तयार करते. पहिला भाग २०१२ साली आला, तो अमेरिकेतल्या कोलोरॅडोत घडतो. मग २०१४ साली दक्षिण फ्रान्स आणि उत्तर इटली, २०१६ साली ऑस्ट्रेलिया, २०१८ साली ब्रिटन आणि २०२१ साली हा पाचवा, मेक्सिकोतला. शर्यती असतात, पण शर्यत लावलीच पाहिजे असं नाही. सगळा मुलूख मोकळा. वाटेल त्या रस्त्याने जा, रस्ता सोडून शेतातून जा, ज्वालामुखीच्या डोंगरावर चढा. ग्वानाहुआतो म्हणून एक खरंखुरं शहर त्यात आहे, डोंगरउतारावर रंगीबेरंगी घरं आणि शहराच्या पोटातून जाणारे बोगदे. मारामारी नाही, रक्त नाही. युरोपात ह्या खेळावर तीन वर्षांपुढच्या मुलांना चालेल असा शिक्का आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण मीही न बघताच त्याला नावं ठेवत होते.

तर ह्या मुलखात काही जुन्या मोटारी दडवून ठेवलेल्या असतात. त्या दुकानातून विकत घ्यायच्या नसतात. खेळता खेळता मधेच कुणकुण लागते, की अमक्या भागात कुणाच्या तरी पडवीत एक गाडी वर्षानुवर्षं धूळ खात पडली आहे म्हणे. मग नकाशावर ते जांभळं वर्तुळ उमटतं. बरं, वर्तुळ म्हणजे नेमकी जागा नव्हे हं! 'ह्याच्या आत कुठंतरी' एवढंच ते सांगतं. पुढचं शोधणं आपलं आपण.

चिरंजीवांनी काय केलं होतं, तर वर्तुळभर गाडी सुसाट पळवली होती. मग ड्रोन उडवून वरून बघितलं होतं. खेळात तशीही सोय आहे. मी थोडा वेळ बघितलं आणि म्हटलं, "अरे, इतक्या जोरात गेलास तर काय दिसणार? आणि वरून झाडाखालचं कसं दिसेल? खाली उतर. हळू चालव."

"हळू?" तो माझ्याकडे बघायला लागला.

"हळू. गोठा कुणी हमरस्त्यावर बांधतं का? जिथं झाडांची गर्दी दिसेल तिथं बघ. शेतकरी सावलीला बांधतो. आणि चाकोरी बघ. गाडी आत गेली म्हणजे कधीकाळी वाट असणारच."

पाच-सात मिनिटं आम्ही बैलगाडीच्या चालीने हिंडलो. एका कुंपणापाशी गवतातून दोन पुसट रेघा आत गेलेल्या मला दिसल्या. "इकडे वळव." वळवली. झाडांच्या मागे कुजक्या लाकडाची, पत्र्याची एक पडवी उभी! जवळ गेलो तर खेळ आपोआप थांबला, दारं उघडली, उन्हाची तिरीप आत पडली आणि धुळीने माखलेली, गंजलेली गाडी दिसली.

चिरंजीव ओरडले, "आई! सापडली!"

त्या 'आई'साठी मी तीन आठवडे कान लावून बसले होते हो.

मग तो आमचा परिपाठच झाला. दुपारची झाकपाक आवरली की मी निवडायची भाजी घेऊन त्याच्या खोलीत जायची. तो चालवणार, मी बघणार. कधी गवारीच्या शेंगा मोडता मोडता, कधी लसूण सोलता सोलता. खेळात दर आठवड्याला ऋतू बदलतो, त्यामुळे कधी धूळ, तर कधी पावसाने भरलेले ओढे. मला त्या मुलखाची ओळख पटायला लागली. आपल्या फोडणीतली मिरची आणि बांधावरचा फड्या निवडुंग, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, हे त्याला मी सांगितलं. "तुला कसं माहीत?" म्हणाला. अरे, आईलाही काही माहीत असतं!

आणि एक शिकले. गाडी सापडली म्हणजे लगेच चालवायला मिळत नाही बरं का. ती आधी गॅरेजात जाते. चाकं जाम, रंग उडालेला, आतली गादी फाटलेली. तिची डागडुजी व्हायला वेळ लागतो. तोवर तुम्ही दुसरं काही करा. झाली की निरोप येतो, मग न्यायची. मी पहिल्यांदा म्हटलं, "अगंबाई, सापडली ना? मग आता थांबायचं कशाला?" तर तो म्हणाला, "इतकी वर्षं पडून होती. लगेच कशी सुरू होईल?"

असं खरंच कुठं घडतं का, असंही मी त्याला विचारलं. त्यावर त्याने मला फ्रान्समधली एक हकीकत सांगितली. तीही ऐका. पश्चिम फ्रान्समध्ये रोजे बायों नावाचे एक गृहस्थ होते, मालवाहतुकीचा धंदा करणारे. जुन्या उत्तम मोटारी जमवायच्या आणि त्यांचं संग्रहालय काढायचं हे त्यांचं स्वप्न. पण धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या आणि उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली तशाच पडल्या. २०१४ साली त्यांच्या नातवंडांनी जाणकारांना बोलावलं, तेव्हा तिथं साठेक मोटारी निघाल्या, काहींवर तर वेल चढलेले. त्यातली एक फेरारी जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली होती! कधीकाळी ती आलाँ दलों ह्या प्रसिद्ध नटाकडे असलेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती एक कोटी साठ लाख युरोंच्या वर गेली. तेव्हा भगिनींनो, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी खाली काय आहे ते बघत जा!

ह्या सगळ्या गाड्यांत माझी आवडती मात्र फेरारी नाही. माझी आवडती 'वोचो'.

वोचो म्हणजे आपण बीटल म्हणतो ती, कासवाच्या पाठीची फोक्सवॅगन. मेक्सिकोत तिला लाडाने वोचो म्हणतात. जर्मनीत तयार व्हायची बंद झाली तरी तिकडे पुएब्ला शहरातल्या कारखान्यात ती निघतच राहिली, आणि जगातली शेवटची जुन्या घडणीची बीटल तिथूनच ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. मेक्सिको शहरात ती वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून राबली. म्हणजे श्रीमंतांचा शौक नव्हे, घरोघरची गाडी, आपल्याकडच्या स्कूटरसारखी. खेळात १९६३ सालची वोचो आहे आणि तिच्याभोवती एक छोटी गोष्टच रचली आहे. अलेहांद्रा नावाची मुलगी असते, तिच्या घरच्या आठवणी ह्या गाडीत गुंतलेल्या असतात, आणि ती गाडी पुन्हा उभी करायला आपण तिला मदत करायची.

ती वोचो चालवत होतो त्या दुपारची गोष्ट आता सांगते. ही सांगावी की नाही ह्याचा मी खूप विचार केला. पण चिरंजीवच म्हणाले, "लिही. कुणाला तरी उपयोग होईल."

बाहेर वळवाचा पाऊस पडून गेला होता. वोचो आपली हळूहळू चालली होती, तिला घाई ठाऊकच नाही. मी मेथी निवडत होते. पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, "आई, निकालाच्या दिवशी मी मित्राकडे नव्हतो."

"मग?"

"स्टेशनवर बसलो होतो. शेवटच्या फलाटावर. रात्री साडेआठपर्यंत."

आमची मिरज म्हणजे जंक्शन. दिवसरात्र गाड्यांची ये-जा. मैत्रिणींनो, माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. छातीत असं धस्स झालं! तोंडाशी शंभर प्रश्न आले. असं कसं केलंस, आमचा विचार नाही आला, मला का नाही सांगितलंस. पण कुठून सुचलं देव जाणे, मी त्याच्याकडे मान वळवली नाही. पडद्याकडेच बघत राहिले. इतके दिवस शोधाशोध करून एवढं कळलं होतं, की वर्तुळात शिरल्यावर जोरात गेलं की हुकतं.

मी इतकंच विचारलं, "काही खाल्लं होतंस का?"

"नाही. एका चहावाल्याने चहा दिला. पैसे घेतले नाहीत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अकरावीपासूनच त्याला रसायनशास्त्र कळेनासं झालं होतं. क्लासमध्ये मागे पडत होता आणि सांगायची लाज वाटत होती. बाबांचं ते पुड्यांचं वाक्य कानात घुमत होतं. "मला वाटलं, मी नसलेलाच बरा," असं तो म्हणाला. मी भाजीचं ताट खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. किती वेळ ते आठवत नाही. वोचो मधेच माळावर उभी होती.

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं. अंधारात उठून बसले. बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग उठून त्याच्या खोलीच्या दाराशी गेले आणि कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून आम्ही तिघंही एका समुपदेशक बाईंकडे गेलो, आणि अजून जातो. हे लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. ताप आला तर आपण डॉक्टरकडे नेतोच ना?

पण घरातलं अवघडलेपण सुटलं ते एका रविवारी. हे कधी नव्हे ते खोलीत आले आणि पलंगाच्या कडेला बसले. चिरंजीवांनी खेळातल्या गाड्यांची यादी उघडली होती, त्यात विलीज जीप दिसली. लगेच ह्यांचा चेहरा खुलला. "अरे, ही तर आमच्या गावच्या पाटलांची!" खरंच आहे ते. महिंद्रांनी मुंबईत जोडायला सुरुवात केली त्या जीप ह्याच विलीजच्या. लहानपणी जीपमागे धावल्याच्या सगळ्या गोष्टी निघाल्या. मुलाने कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. "बाबा, चालवा."

पहिल्याच वळणावर ह्यांनी जीप कड्यावरून खाली घातली! मी तोंडाला पदर लावला. चिरंजीवांनी शांतपणे एक बटण दाबलं. जीप आपली उलटी वर आली आणि वळणाच्या अलीकडे जाऊन उभी राहिली. खेळात ती सोय आहे. चूक झाली की काही क्षण मागे जाता येतं.

हे त्या बटणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं एक बटण मला पाहिजे होतं. निकालाच्या दिवशी."

मुलगा काही बोलला नाही. पण त्याने कंट्रोलर परत घेतला नाही. "परत घ्या वळण," म्हणाला. "ह्या वेळी ब्रेक आधी लावा."

मैत्रिणींनो, पुढे सगळं छान झालं असं लिहून मला गोष्ट गोड करायची नाही. पॉलिटेक्निकचा फॉर्म आणून टेबलावर ठेवलाय. भरलेला नाही. रसायनाला पुन्हा बसायचं की नाही तेही ठरलेलं नाही. एखाद्या दिवशी दार अजून लोटलेलं असतं. तेव्हा मी मनाशी म्हणते, गाडी गॅरेजात आहे, निरोप यायला वेळ लागेल. दार ठोठावून 'झाली का, झाली का' विचारलं तर काम लवकर होत नाही.

खेळाला वेळेचं बंधन हवंच. आमच्याकडे दुपारी दोन तास, त्याउपर नाही, आणि रात्री साडेदहानंतर संच बंद. ह्यात मी ढील देत नाही. पण बंधन घालण्याआधी एकदा आत जाऊन शेजारी बसा. समोर बसू नका, समोर बसलं की ती उलटतपासणी होते. शेजारी बसा, हातात काहीतरी काम ठेवा आणि दोघांनी एकाच दिशेला बघा. मुलगा काय खेळतोय ते विचारा, आणि उत्तर खरोखर ऐका. आपल्याला त्यातलं कळत नाही ह्याची लाज धरू नका. न कळणाऱ्या आईला समजावून सांगताना मुलांची जीभ आपोआप सुटते. आणि कधी त्याच्या तोंडून ते स्टेशनासारखं वाक्य निघालं, तर ओरडू नका, रडू नका, आणि एकट्याने ते ओझं वाहूही नका. जाणत्या माणसाला त्याच दिवशी गाठा.

आता मात्र उठते. चार वाजायला आलेत. आतून हाक येतेय, "आई, नवं वर्तुळ आलंय, येतेस का?" आज वालाच्या शेंगा घेतल्या आहेत. निवडायला भरपूर वेळ लागतो त्यांना, म्हणूनच घेतल्या.